मका, शाळू, भात आणि त्यांच्यावरची बुरशी: जैविक उपायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूरकडचं भात, गोकाक-बैलहोंगलचा मका, अथणी-रायबाग-चिकोडीचा शाळू म्हणजे रब्बी ज्वारी. बेळगाव जिल्ह्यातल्या रयतांकडून या तीन पिकांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. गव्हाबद्दल कमी लिहिलं आहे. आपल्याकडे गव्हाचा मोठा त्रास तांबेऱ्याचा, आणि तांबेरा जैविक पावडरीला दाद देत नाही. तिथे तांबेऱ्याला दाद न देणारं वाण निवडणं हाच खरा उपाय.

बुरशी झटकून, धान्य उन्हात टाकून दळलं तर चालत नाही का?

नाही. बुरशी आणि तिचं विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हात बुरशी मरते, तिने दाण्यात सोडलेलं विष तसंच राहतं. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचं विघटन व्हायला अडीचशे अंशांच्या वरची उष्णता लागते. भाकरीच्या आत, भातात किंवा आंबिलीत तेवढी उष्णता कधीच पोचत नाही. उकळून, भाजून, दळून विष जात नाही, आणि दळल्यावर तर ते चांगल्या पिठातही मिसळतं.

उलटही खरं आहे. स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यात विष असू शकतं आणि काळ्या पडलेल्या दाण्यात ते नसूही शकतं. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

कुठल्या धान्यात कुठलं विष?

मक्यात दोन. अस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट-हिरवी, पावडरीसारखी बुरशी अफ्लाटॉक्सिन करते. फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण आणि उष्णता असली की ती कणसात शिरते, आणि साठवणीत ओल राहिली की तिचं फावतं. फ्युजेरियम ही पांढरी-गुलाबी बुरशी फ्युमोनिसिन करते. ती रानातली. तिला ओला दाणा लागतो, म्हणून कोरड्या पोत्यात ती फारशी वाढत नाही. शाळू-जोंधळ्यातही फ्युजेरियम असतं. भात फोलात झाकलेलं असल्यामुळे त्याला विषाचा धोका कमी, पण ओलं रचून ठेवलं तर तेही सुटत नाही.

ही भीती कागदी नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसं यकृत बिघडून दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. आणि १९९५ साली कर्नाटक-आंध्रच्या पठारावरच्या खेड्यांत अवकाळीत भिजलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्यांना पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. त्यामागे फ्युमोनिसिन होतं. सुगीत पाऊस आला आणि भिजलेलं धान्यच घरात खावं लागलं, ही परिस्थिती आपल्याला परकी नाही.

कायद्याने किती विष चालतं?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तृणधान्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जनावराने विषारी खाद्य खाल्लं की त्याच्या दुधात उतरणारं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन एम-१, त्यासाठी ती ०.५ मायक्रोग्रॅम आहे. १५ मायक्रोग्रॅम म्हणजे एक टन मक्यात पंधरा मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी.

ट्रायकोडर्मा आणि ट्रायकोग्रामा एकच ना? दुकानदाराने कार्ड दिलं.

एकच नाही. हा गोंधळ दर हंगामात होतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. ती पावडरीत किंवा द्रवात मिळते आणि रोगाच्या बुरशीवर वाढते. ट्रायकोग्रामा हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा कीटक आहे. तो अळीच्या अंड्यात आपली अंडी घालतो आणि कार्डावर मिळतो. मक्यावरच्या लष्करी अळीसाठी एकरी ५० हजार ट्रायकोग्रामा सोडतात. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी टाचायचं. मुंग्या अंडी खातात, त्या लागणार नाहीत अशी जागा निवडा.

तरीही दोघांचा एकमेकांशी संबंध आहे. लष्करी अळी आणि खोडकिडा कणसाला भोकं पाडतात आणि त्याच भोकांतून फ्युजेरियम व अस्परजिलस आत शिरतात. ही अळी भारतात पहिल्यांदा २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच राज्यात, शिवमोग्गा भागात सापडली. तेव्हापासून मक्यातल्या विषाचा प्रश्न अर्धा अळीचा झाला आहे.

पाकीट जिवंत आहे हे कसं ओळखायचं?

आधी कागदावर बघा. पाकिटावर नोंदणी क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, आणि सीएफयू म्हणजे ग्रॅममागे जिवंत बीजाणू किती, हे लिहिलेलं हवं. ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅमला किमान २० लाख, म्हणजे २ × १०^६ हवेत. नोंदणी क्रमांक नसलेलं ‘शक्ती’, ‘अमृत’ नावाचं पाकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मजकूर बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असतो. अडलं तर होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात वाचून घ्या.

मग दुकानाकडे बघा. पाकिटं पत्र्याच्या छपराखाली, युरियाच्या पोत्यांना टेकून रचलेली असतील तर एप्रिल-मेच्या उन्हात त्यातलं निम्मं मेलेलं असणार. तारीख पुढची असली तरी.

घरी तपासता येतं. दोन काचेच्या बाटल्या पाण्यात उकळून घ्या. प्रत्येकीत दोन चमचे शिजवलेला, गार झालेला, मोकळा भात घाला. एकीत चिमूटभर पावडर टाका, दुसरीत काहीच नाही. तोंडाला कापसाचा बोळा लावून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत पावडरीच्या बाटलीत आधी पांढरं जाळं आणि मग गडद हिरवा थर आला, आणि दुसरी बाटली स्वच्छ राहिली, तर माल जिवंत आहे. दोन्हींत हिरवं आलं तर चाचणी बिघडली, पुन्हा करा. दुसरी बाटली ठेवायला लोक कंटाळतात, आणि मग घरातल्या हवेतली कुठलीही हिरवी बुरशी बघून खूश होतात. काम झालं की बाटल्या उकळत्या पाण्यात घाला. तोंड उघडून वास घेऊ नका.

बियाण्याला कसं आणि किती लावायचं?

ट्रायकोडर्मा किलो बियाण्याला ४ ग्रॅम. एकरासाठी ३ किलो शाळू घेतला तर १२ ग्रॅम पावडर.

गूळपाणी करा: १०० मिलि पाण्यात ५ ते १० ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई नडते. गरम गूळपाण्यात बीजाणू मरतात. ३ किलोला ३० मिलि पुरतं. बी गोणपाटावर पसरा, गूळपाणी शिंपडून दोन्ही हातांनी हलक्या हाताने फिरवा. प्रत्येक दाणा ओलसर चमकला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. मग पावडर भुरभुरून पुन्हा फिरवा. वीस-तीस मिनिटं सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. रात्रभर पोत्यात बांधून ठेवलं तर बी तापतं, कोंब फुटतात आणि पावडरही मरते.

हायब्रीड मक्याचं बी लाल-निळ्या रंगाचं येतं. त्यावर कंपनीचं औषध आधीच असतं. ते धुऊ नका आणि त्यावर ट्रायकोडर्मा चोळू नका. मक्यासाठी ट्रायकोडर्मा शेणखतातून द्यावा.

शेणखतात ट्रायकोडर्मा कसा वाढवायचा?

१०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. ‘कुजलेलं’ यावर जोर आहे. मुठीत धरल्यावर शेणाचा वास न येता ओल्या मातीचा वास यावा. ताजं शेण आतून तापतं, त्यात ट्रायकोडर्मा भाजून निघतो. झाडाच्या सावलीत फूटभर उंचीचा ढीग करा, थरांमध्ये १ किलो पावडर घाला आणि पाणी शिंपडा. मूठ आवळल्यावर खत चिकटलं पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. वर ओलं गोणपाट टाका.

तीन-चार दिवसांनी ढीग वरखाली करा, वाळला असेल तर पाणी शिंपडा. आठवडा ते पंधरवडा लागतो. ढेकूळ फोडल्यावर आत पांढरट-हिरवी जाळी दिसली की तयार. पेरणीआधी शेवटच्या पाळीला संध्याकाळी रानात पसरा आणि लगेच मातीत मिसळा.

नुसती पावडर कोरड्या काळ्या रानात फेकण्यात अर्थ नाही. या बुरशीला ओल आणि खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. दोन्ही नसेल तर ती दोन आठवड्यांत झोपते किंवा मरते, आणि मग ‘जैविकाचा काही उपयोग होत नाही’ असं गावभर होतं.

रासायनिक औषधाबरोबर चालतं का?

कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाबरोबर अजिबात नाही. ते ट्रायकोडर्मालाही मारतं. बियाण्याला कार्बेन्डाझिम चोळून वर ट्रायकोडर्मा लावणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. स्युडोमोनास हे दुसरं जैविक औषध, तो जिवाणू असल्यामुळे त्याला ताम्रयुक्त औषधं आणि स्ट्रेप्टोमायसिन मारक. एकाच टाकीत मिसळू नका. दोन्ही वापरणं भाग असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. फवारणीचा पंप तीनदा धुवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्या बॅरेलमध्ये रात्रभर ठेवून मग वापरा.

भाताच्या करप्यावर स्युडोमोनास चालतो का?

करप्याची सुरुवात थोपवायला, हो. खानापूर, कणकुंबी, जांबोटी भागात धुकं आणि दव दिवसभर टिकतं, रात्री गार असतात, आणि करप्याला हेच हवं असतं. पानावर मधे राखाडी आणि दोन्ही टोकांना निमुळते, होडीच्या आकाराचे ठिपके दिसतात.

रोप लावणीसाठी: आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी टाका. वर तरंगणारं पोचट बी काढा, खालचं दोन-तीनदा स्वच्छ धुवा. मग किलो बियाण्याला १० ग्रॅम स्युडोमोनास आणि १ लिटर पाणी या प्रमाणात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी निथळून कोंब यायला बांधून ठेवा.

धूळवाफ पेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरताना, भिजवलेलं बी चालत नाही. कोरड्या मातीत कोंब करपून जातात. तिथे किलो बियाण्याला १० ग्रॅम पावडर बी न भिजवता कोरडी चोळायची. भिजवण्याची शिफारस सगळीकडे छापलेली असते, तेवढं वाचून धूळवाफेचं बी भिजवलं की आख्खी पेरणी वाया जाते.

लावणीच्या दिवशी रोपांची मुळं बुडवायची. एकरासाठी रानाच्या कोपऱ्यात १० चौरस मीटरचा वाफा बांधा, त्यात इंचभर पाणी आणि १ किलो स्युडोमोनास, आणि रोपांच्या पेंढ्या अर्धा तास उभ्या ठेवा. नंतर लावणीपासून ४५ दिवसांनी लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे फवारा, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा, संध्याकाळी.

युरिया जास्त पडला तर यातलं काहीही उपयोगी पडत नाही. गडद हिरवं, लुसलुशीत भात करप्याला बोलावणं धाडतं. आणि लोंबीच्या मानेवर करपा आला असेल तर जैविकाची वाट बघू नका. तिथे दाणा पोकळ होतो. शिफारशीतलं बुरशीनाशक त्याच दिवशी मारा.

शाळूला खडखड्या लागतो, ताटं लोळतात. ट्रायकोडर्मा घालू का?

घाला, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. खडखड्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते आणि दाणा भरताना ओल तुटली की झाडावर चढते. लोळलेलं ताट बुडाशी उभं चिरून बघा. आत भेंड उरलेला नसतो, सुटे धागे असतात आणि त्यांवर कोळशाची पूड शिंपडल्यासारखे बारीक काळे कण दिसतात. तेच तिचं पुढच्या वर्षीचं बी.

म्हणून खरा उपाय ओल राखण्याचा. दाट पेरणी टाळा, ४५ बाय १५ सेंटिमीटरवर विरळणी करा. भेगा बुजवायला तीन वेळा कोळपा. शक्य असेल तर पोटरीत किंवा फुलोऱ्यात एक पाणी द्या. शेणखतातला ट्रायकोडर्मा आणि बियाण्याची प्रक्रिया याला जोड म्हणून. एकट्या पाकिटाने कोरड्या वर्षी शाळू उभा राहिल्याचं सहसा दिसत नाही.

खरिपातल्या जोंधळ्याला वेगळा त्रास होतो: दाणा पक्व होताना पाऊस पडला की कणीस काळं-गुलाबी पडतं. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरून झाला. मग ताट वाळायची वाट न बघता कणसं कापून छपराखाली वाळवा.

मक्याच्या कणसावर ट्रायकोडर्मा फवारला तर बुरशी येणार नाही ना?

फवारू नका. ट्रायकोडर्माचं काम मुळांपाशी आहे. जर्मनीत २०१८ पासून ट्रायकोडर्माच्याच एका जातीने मक्याची कणसं कुजल्याचं सापडलं आहे. दुकानातली जात तीच आहे असं नाही, पण कणसावर फवारून फायद्याचा भरवसा नसताना हा धोका का घ्यायचा? कणसासाठी दोन गोष्टी करा: अळी आटोक्यात ठेवा आणि तुरा-केस येण्याच्या वेळी पाणी तोडू नका.

परदेशात अफ्लाटॉक्सिनवर ‘चांगली बुरशी’ टाकतात म्हणे. ते काय आहे?

हा या सगळ्या विषयातला सर्वांत चतुर उपाय. अस्परजिलस फ्लेव्हसच्या सगळ्याच वाणांना विष करता येत नाही. काहींत विष बनवणाऱ्या जनुकांचा गठ्ठाच नसतो, काहींत तो असतो पण एका जागी बिघडलेला. असे बिनविषारी वाण वेगळे काढायचे, भाजून मारलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवायचे आणि मका फुलोऱ्यात येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ओल्या रानात फेकायचे. दोन-तीन दिवसांत त्या दाण्यांवर हिरवी बुरशी उगवते आणि कणसावरची जागा ती आधी पकडते. विषारी वाण येतो तेव्हा जागा भरलेली असते. अमेरिकेत कापूस, भुईमूग आणि मक्यावर हे चालतं. आफ्रिकेत ‘अफ्लासेफ’ नावाने हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी ४ किलो टाकतात, आणि तिथल्या चाचण्यांत विष ८० टक्के आणि त्याहूनही जास्त घटलेलं दिसलं आहे. केनियात २००४ साली मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने सव्वाशे माणसं दगावली होती.

आपल्या कृषी सेवा केंद्रांत हे मिळत नाही. प्रत्येक देशात तिथल्याच मातीतले वाण शोधून, तपासून, नोंदवून घ्यावे लागतात. कुणी ‘अफ्लासेफ’ म्हणून पुडी पुढे केली तर घेऊ नका. आणि स्वतःच्या रानातली हिरवी बुरशी ज्वारीवर वाढवून फेकण्याचा प्रयोग तर चुकूनही करू नका. विषारी आणि बिनविषारी वाण दिसायला सारखेच असतात. शेतभर विष पेरल्यासारखं होईल.

काढणीनंतर कुठलं जैविक औषध लावायचं?

कुठलंच नाही. धान्यात जैविक औषध जगेल एवढी ओल असेल तर त्यात रोगाची बुरशीही जगेल. खळ्यावर एकच उपाय, वाळवणं.

मक्याच्या दाण्यातली ओल साठवताना १२ ते १३ टक्क्यांवर हवी, शाळूची १२ च्या आसपास. १४ च्या वर गेली की अस्परजिलस जागा होतो. उघड्या मातीवर वाळवू नका, ताडपत्री घाला. थर दोन इंचांपेक्षा जाड नको, तासा-दोन तासांनी पायाने ओढत फिरवा. संध्याकाळी रास करून झाका, नाहीतर दवाने दिवसाची मेहनत जाते.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर मीठ वापरा. तव्यावर मीठ कोरडं भाजून गार करा. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका आणि दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तरी लगेच पोती भरू नका. ही चाचणी १५ ची रेघ दाखवते, १३ ची नाही. आणखी एक-दोन ऊन द्या.

मळणी यंत्राचे फेरे वाढवले तर दाणा फुटतो, आणि फुटक्या दाण्याला बुरशी आधी लागते. फुटके, हलके, रंग बदललेले दाणे चाळून-पाखडून काढा. बहुतेक विष अशाच थोड्या दाण्यांत दाटलेलं असतं. हे कष्टाचं काम आहे, पण घरच्या खाण्यासाठी याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब रचा.

पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, शाळू ठेवला तर?

पेव कोरडं, नीट लिंपलेलं आणि शाळू खणखणीत वाळलेला असेल तर चालतं. आत हवा कमी राहते, किडे आणि बुरशी दबतात. भिंतीतून ओल पाझरली की कडेचा थर काळा पडतो. तो थर वेगळा काढून टाका, मधल्यात मिसळू नका. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नका. आत साचलेल्या वायूने माणूस गुदमरून मरतो. आधी पुरेसा वेळ उघडं ठेवा, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर माणूस उभा करा.

बुरशी आलेला मका म्हशीला घातला तर काय होतं?

दुधातून विष तुमच्याच घरात येतं. जनावराने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ (धान्यातलं मुख्य रूप) पैकी साधारण एक ते सहा टक्के एम-१ होऊन दुधात उतरतं, तेही एका दिवसात. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दूध निवळतं. बुरशी आलेल्या शेंगापेंडीला आणि सरकी पेंडीलाही हेच लागू. कोंबड्यांना घालू नका, बदकांना तर मुळीच नाही. घोड्याला फ्युमोनिसिनचा मका मेंदूपर्यंत भोवतो. असा माल जनावरांपासून लांब खड्ड्यात पुरा, आणि हाताळताना तोंडाला फडकं बांधा.

तपासणीसाठी नमुना कसा घ्यायचा?

पोत्याच्या तोंडची मूठ चालत नाही. विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, हजारांतला एखादा दाणा जहाल असतो आणि बाकी स्वच्छ. म्हणून रास हलवताना किंवा पोती ओतताना वेगवेगळ्या पंचवीस-तीस जागांवरून थोडं थोडं घ्या, किमान चार-पाच किलो जमवा, एकत्र करा, सगळं भरडा आणि त्यातून पुन्हा एक किलो काढा. कापडी किंवा कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये वाटेतच ओल धरते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत विष वाढतं. पिशवीवर गाव, पीक, काढणीची तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख लिहा.

निळ्या-जांभळ्या दिव्याखाली भरडलेला मका हिरवट-पिवळा चमकला तर तो फक्त इशारा असतो. ती चमक विषाची नसते, त्याच बुरशीच्या दुसऱ्या पदार्थामुळे येते. मालाचा व्यवहार किंवा घरचं खाणं ठरवायचं तर पट्टीची किंवा प्रयोगशाळेची चाचणीच करून घ्या. कुठे करायची हे धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच नमुना घेऊन निघा. तिथे कुठल्या दिवशी नमुने घेतात हेही आधी विचारा, नाहीतर पिशवी तुमच्याच गाडीत आठवडाभर पडून राहील.